न धुतलेला अगार

"सर, तेव्हा अगार धुतला होता ना?" नव्या मॅडमनं लिफ्टमध्ये विचारलं. तिसरा मजला गेला होता, चौथा यायचा होता, आणि विचारताना ती त्याच्याकडे न बघता दारावरच्या लाल आकड्यांकडे बघत होती. "अर्थात," तो म्हणाला. या एका शब्दात त्यानं आपली एकतीस वर्षांची नोकरी ओतली, तिच्या सात महिन्यांच्या नोकरीबद्दलची कीव ओतली, आणि वर असा प्रश्न विचारायची वेळ येणाऱ्या पिढीबद्दलची सगळी किळस. एरवी एवढं पुरायचं. त्याच्या 'अर्थात'नं भलेभले गप्प बसत. विद्यार्थी त्याला पाठीमागे 'खारट' म्हणत. हे त्याला ठाऊक होतं, आणि उगाच गोड असण्यापेक्षा हे बरं, असं तो स्वतःलाच सांगायचा. पण मॅडम गप्प बसली नाही. "नाही, कारण सत्तावीस नंबरचा जीवाणू मी नव्या यंत्रावर चार वेळा लावला," ती म्हणाली. "चारही वेळा सपाट रेघ. तो हवेतला नायट्रोजन पकडतच नाही, सर." चौथा मजला आला, दार उघडलं. "तीन वाजता खाडी विभागाचे लोक येतायत. त्याआधी तुम्हीच सांगितलंत तर बरं होईल. नाहीतर मला सांगावं लागेल." मग ती बाहेर पडली, आणि तो लिफ्टमध्येच उभा राहिला. दार आपोआप मिटलं आणि कुणीतरी खालून बटण दाबल्यामुळे तो पुन्हा तळमजल्यावर गेला. तिथे दोन पोरी आणि एक पाण्याचा बुधला वाहणारा माणूस आत शिरले. बुधल्याचा ओला गारवा त्याच्या पँटला लागला, आणि तो त्यांच्याबरोबर मुकाट्यानं पुन्हा वर आला.

खोलीत येऊन त्यानं आतून कडी लावली. अगार! एकतीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्रात घालवलेल्या माणसाला ही कालची मुलगी अगार शिकवणार. समुद्री शेवाळाची ती पांढरी पूड, पाण्यात उकळून बशीत ओतली की थिजते, आणि थिजलेल्या थरावर जीवाणू वाढतात. हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही माहीत असतं. आणि जिथे नायट्रोजन अजिबात नको तिथे ती पूड आधी तीन दिवस भिजवून, पाणी बदलून बदलून धुवावी लागते, हेही त्या पोरांना माहीत असतं. पुडीतच थोडा नायट्रोजन असतो. न धुता वापरली तर ज्याला हवेतून काही कमावता येत नाही असा एखादा चिवट, पोटाला चिमटा घेऊन जगणारा जीवाणूसुद्धा त्या उष्ट्यावर तग धरतो, आणि वाटतं, वा, काय कर्तबगार आहे! ही चूक फक्त गाढवं करतात. त्यानं स्वतः वर्गात फळ्यावर लिहून दिलं होतं, आणि गाढवं हा शब्द वापरून. मग आपण तेव्हा अगार धुतला होता की नाही, हे आठवेना कसं? चोवीस वर्षांपूर्वीच्या त्या आठवड्यातलं बाकी सगळं त्याला लख्ख आठवत होतं. खाडीचं पाणी ओसरल्यावरचा चिखल, त्यातून वर आलेली खारफुटीची श्वासमुळं, बोटाएवढी, हजारोंनी, जमिनीतून कुणी पेन्सिली खोचून ठेवाव्यात तशी. मांडीपर्यंत रुतलेले पाय. सडक्या अंड्याचा वास, जो तीन दिवस साबणाला दाद देत नव्हता आणि ज्यामुळे बायकोनं त्याला बाहेरच्या खोलीत झोपवलं होतं. एका मुळाला चिकटलेला काळा चिखल त्यानं चमच्यानं खरवडून बाटलीत घेतला. त्यातून वाढवलेल्या अठ्ठावीस वसाहतींपैकी सत्तावीस नंबरची बशी चौथ्या दिवशी उघडली तेव्हा तिच्यावर टपोरे, ओलसर, किंचित पिवळे थेंब उभे होते. ज्या बशीत नायट्रोजनचा कण नाही, तिथे ते खाऊनपिऊन गुबगुबीत दिसत होते. त्या दिवशी तो खोलीत एकटाच हसला होता.

सत्तावीसवर त्याचा जीव होता, हे त्यानं कुणाला सांगितलं नसतं. जीव जडावा असं माणसांत त्याला फारसं काही दिसलंच नव्हतं. चिखलात प्राणवायू नाही, उजेड नाही, मीठ इतकं की साधं रोप जळून जाईल, आणि झाडाला लागणारा नायट्रोजन तर नावापुरता. अशा ठिकाणी हा मुळाशी बसतो, हवेतला फुकट पडलेला नायट्रोजन पकडतो, त्याचं खत करून झाडाला देतो, आणि बदल्यात मुळातून झिरपणारी चिमूटभर साखर घेतो. कुणाचं खात नाही, कुणापुढे हात पसरत नाही. उलट याच्या जिवावर चार माणूस उंच झाड उभं राहतं, आणि लोक झाडाचे फोटो काढतात. आता बाकीच्यांकडे बघा, असं तो मनात म्हणे. विभागप्रमुख, जो कधीकाळी त्याचाच कनिष्ठ होता आणि ज्याला अजून सूक्ष्मदर्शकाची काच पुसता येत नाही, तो दुसऱ्यांच्या निबंधांवर आपलं नाव चिकटवून खुर्चीत बसलाय. आयत्या बिळावर नागोबा. खाडी विभागातले ते अधिकारी, ज्यांनी आधी खारफुटी तोडून भराव टाकायला सह्या दिल्या आणि आता त्याच भरावावर खारफुटीची चाळीस हजार रोपं लावून पाठ थोपटून घेणार आहेत. घरी मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, जो धंदा बुडाल्यावर 'पंधरा दिवस' म्हणून आला आणि बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर नवव्या वर्षीही पेपर वाचत पडलेला असतो. परवाच मेहुणा म्हणाला होता, "भावजी, तुमचा तो जंतू म्हणजे कमाल हां. हवेवर जगतो." त्यावर याचं उत्तर तयारच होतं, "त्याच्यासारखं जगायला अक्कल लागते. तुला झाडासारखी आयत्याचीच सवय." बायको ताट वाढता वाढता थांबली होती. "किती दिवस बोलणार आहात त्याला?" ती म्हणाली. "तो काय हौसेनं पडलाय का?" उत्तर द्यावं अशी ती बाब त्याला वाटली नाही.

फुकट्यांचा त्याला एवढा राग का, हे बायकोनं एकदा लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात विचारलं होतं, आणि तेव्हा त्यानं थोडंसं सांगितलंही होतं, नंतर पस्तावला. वडील गेल्यावर आई त्याला घेऊन काकांकडे राहायला गेली. काका वाईट नव्हते. काकूही वाईट नव्हती. फक्त वाढताना तिचा हात आखडायचा, इतका थोडा की दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. चमचा पातेल्यात बुडायचा, भरून वर यायचा, आणि त्याच्या ताटावर येईपर्यंत किंचित तिरपा होऊन काही थेंब परत पातेल्यात पडायचे. तो ते थेंब बघायचा. आई खाली मान घालून जेवायची, आणि जेवण झालं की सगळ्या घराची भांडी घासायला बसायची. राखेनं घासताना तिच्या बांगड्यांचा आवाज यायचा. त्याला आईची दया यायला हवी होती, पण यायची ती चीड. हिला कमावता येत नाही म्हणून आपल्याला हे बघावं लागतं, असं त्या सात वर्षांच्या पोरानं ठरवून टाकलं होतं, आणि ते मत बदलायला त्याला पुढे कधी फुरसत झाली नाही. पहिला पगार झाला तेव्हा त्यानं आईला स्वतंत्र खोली घेऊन दिली. तिथे ती दोन वर्षांत गेली. शेवटच्या आजारात ती म्हणाली होती, "तुझ्या काकूला सांग हं, मी विचारलं म्हणून." त्यानं सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात? उष्टं वाढणारीची विचारपूस करणारी माणसं त्याला कधी कळलीच नाहीत.

बारा वाजून गेले. कुणीतरी दार वाजवलं आणि निघून गेलं. समजा, अगार धुतला नव्हता. त्यानं हा विचार चिमट्यात धरल्यासारखा लांब धरून पाहिला. मग सत्तावीस नंबर चोवीस वर्षं काय करत होता? बशीतल्या उरल्यासुरल्यावर जगत होता. काकूच्या चमच्यातून पडलेले थेंब खात होता. आणि तो स्वतः त्या खाऊन माजलेल्या थेंबांकडे बघून एकटा हसला होता. चोवीस वर्षं व्याख्यानं दिली होती. दोन संस्थांनी 'आमच्याकडे हा नायट्रोजन पकडत नाही' असं नम्रपणे कळवलं, तेव्हा त्यांना 'तुम्हाला वाढवता येत नसेल' असं उलटून लिहिलं होतं. नाचता येईना अंगण वाकडं, हे वाक्य तेव्हा त्यानं पत्राच्या मसुद्यात घातलं होतं आणि फार मोठेपणानं पुन्हा खोडलं होतं. आणि आता चार महिन्यांनी निवृत्ती, आणि तीन वाजता बैठक. चाळीस हजार रोपांची मुळं सत्तावीसच्या पाण्यात बुडवून त्या नापीक भरावाच्या वाळूत रोवायची. सही झाली की काम सुरू. खत द्यायचं नाही, कारण खत देणारा मुळाशीच बसवलाय. सत्तावीस रिकामा निघाला तर पहिल्या वर्षातच रोपं पिवळी पडतील, आणि मरतील ती खालून वर, मुकाट्यानं. रोपांचं त्याला फार वाटलं असं नाही. वाटलं ते एवढंच, की चाळीस हजार काटक्या भरतीत उभ्या दिसतील आणि प्रत्येक काटकी त्याच्याकडे बोट दाखवेल, आणि खुर्चीतला तो नागोबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगेल, "आमच्या खारट सरांचं संशोधन."

मग त्याला मावशी आठवली. तळघरात मीडिया रूम होती, म्हणजे जीवाणूंचं स्वयंपाकघर. तिथे सव्वीस वर्षं एकच बाई सगळ्या विभागाची माध्यमं, म्हणजे जीवाणूंचं खाणं, रांधत होती. वयानं ती त्याच्यापेक्षा लहान, पण मावशी म्हणायची रीत पडली होती. दहावी झालेली. नोकरी कायम नव्हती. दर वर्षी मुदतवाढीचा कागद यायचा, दर वर्षी विभागप्रमुख त्यावर सही करायचा. तिला आठवत असेल. या बायकांना भलतंच आठवतं. तिनं धुतला होता असं म्हटलं की झालं. मग मॅडमचं यंत्र खोटं, रेघ खोटी, काहीही खोटं. तो जिन्यानं खाली गेला, कारण लिफ्टमध्ये त्याला आता कुणी भेटायला नको होतं. खाली वाफ होती. मोठा निर्जंतुक करायचा डबा, ज्याला सगळे कुकर म्हणत, फुसफुसत होता, आणि उकडलेल्या खमंग, मांसट वासात मावशी ओल्या हातांनी बाटल्यांची तोंडं कापसाच्या बुचांनी बंद करत होती. ती उठून उभी राहिली. त्याच्या खोलीतून तो खाली आल्याला किती वर्षं झाली असतील? ती त्याला बसायला स्टूल पुसून देऊ लागली, तर तो म्हणाला, "राहू दे. एक आठव. सत्तावीस नंबर मिळाला तेव्हा, ती पहिली खेप, तिचा अगार तू धुतला होतास ना?"

मावशीनं स्टूल खाली ठेवलं. "नाही," ती म्हणाली.

"नाही म्हणजे? नीट आठव."

"आठवतंय की. आधीचे मोठे साहेब होते ना, ते मला सांगून गेलेले, नायट्रोजन नको असेल तेव्हा तीन दिवस धुवायचं. म्हणून मी तुमच्याकडे विचारायला आले वर. म्हटलं, साहेब, धुवायला टाकू का, सोमवारी मिळेल. तुम्हाला त्याच दिवशी बशा हव्या होत्या." ती बोलताना हातातलं बूच नीट दाबत होती. "तुम्ही म्हणालात, तुला पगार ढवळायचा मिळतो, विचार करायचा नाही. ढवळ."

वाफेत त्याला काही क्षण दिसेना, आणि मग सगळं दिसलं. दारातली तरणी बाई, निळी साडी, हातात पुडीचा डबा. टेबलावर चिखलाच्या बाटल्या, ज्या सोमवारपर्यंत सडल्या असत्या. आणि स्वतःचा आवाज, किती चपखल वाटला होता तेव्हा! ढवळ. त्या वेळी खोलीत दोन विद्यार्थी होते आणि ते हसले होते, आणि ते हसले म्हणून त्याला बरं वाटलं होतं. संध्याकाळपर्यंत तो हे विसरला. चोवीस वर्षं विसरलेलाच राहिला. "मग नंतर का नाही बोललीस?" तो म्हणाला, आणि आपला आवाज चढलाय हे त्याला कळलं. "एवढी वर्षं? व्याख्यानं झाली, सत्कार झाले, तूच बशा भरत होतीस!"

"नंतरच्या खेपांना मी धुतला की," मावशी म्हणाली. "न विचारता. त्यात तो नीट वाढायचाच नाही. तुम्ही म्हणायचात, मावशीच्या हातात काही राम नाही. मग तुम्हीच सांगितलंत, पहिल्यासारखं कर. केलं पहिल्यासारखं." कुकरची शिट्टी झाली. तिनं वळून बटण फिरवलं आणि त्याच्याकडे पाठ ठेवूनच म्हणाली, "साहेब, उशीर झालाय का? रोपं लावली का खाडीवाल्यांनी?"

तो वळून जिन्यानं वर आला. तीन वाजेपर्यंतच्या वेळात त्यानं दोनदा खरं सांगायचं ठरवलं. एकदा तर वाक्यही जुळवलं, साधं, 'चूक माझी आहे' असं. आणि ते तोंडात घोळवून बघितलं तेव्हा त्याला काकूच्या घरातल्या पाटाचा थंडावा मांड्यांना जाणवला. असं वाक्य म्हणणाऱ्या माणसांकडे आजवर आपण कसं बघत आलो, हे त्याला चांगलं माहीत होतं. त्यांची त्याला कधी दया आली नव्हती. पुढे कोण कोण तसं बघेल याची यादी त्याच्या डोळ्यांपुढून सरकली, आणि त्यात सर्वांत वर दिवाणावर पडलेला मेहुणा होता. तो काही वाईट बोलणार नाही, उलट म्हणेल, "चालायचंच भावजी," आणि उशी सरकवून जागा करून देईल. हे मात्र सहन होण्यासारखं नव्हतं.

बैठकीच्या खोलीत पंखा जोरात होता आणि कागद उडू नयेत म्हणून प्रत्येकानं त्यावर काहीतरी ठेवलं होतं. खाडी विभागाचे दोघे, विभागप्रमुख, नवी मॅडम. मॅडम त्याच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर विजयबिजय काही नव्हता, नुसती काळजी होती, आणि ती त्याला सर्वांत जास्त झोंबली. तो उभा राहिला. म्हणाला, सत्तावीस नंबर वापरू नका, यंत्राच्या कसोटीला तो उतरत नाही, रोपं मरतील. हे त्यानं स्वच्छ, ठाम आवाजात सांगितलं, आणि सांगताना त्याला स्वतःच्या प्रामाणिकपणाचं कौतुकही वाटलं. खाडी विभागाच्या थोरल्या अधिकाऱ्यानं पेन टेबलावर ठेवलं. "पण साहेब, चोवीस वर्षं तुम्हीच सांगत होतात. असं झालं कसं?" एक श्वास घेण्याइतका वेळ होता. तो त्यानं उपयोगात आणला. "अगार धुतला गेला नव्हता," तो म्हणाला. "ते काम मीडिया रूमच्या बाईचं. मी सांगितलं होतं. ती विसरली. आजच कळलं."

मॅडमनं मान वर केली. विभागप्रमुखानं तोंडानं च्च केलं, आणि फोन उचलून तळघराला लावला. "मावशींना वर पाठवा जरा." याची गरज नाही, असं याला म्हणता आलं असतं. जाऊ द्या, जुनी गोष्ट आहे, असंही म्हणता आलं असतं, अगदी मोठ्या मनाचा माणूस म्हणतो तसं. तो बसला आणि पाणी प्यायला. ती येईपर्यंतच्या चार मिनिटांत त्यानं तिच्या तोंडून आपलंच वाक्य शंभरदा ऐकलं, ढवळ, आणि प्रत्येक वेळी त्यावर उत्तर तयार केलं: बाईचा गैरसमज, एवढ्या वर्षांनी कुणाला नेमकं आठवतं, लहान माणसं अशीच अंगावरचं झटकतात. ती पुसलेले हात पुन्हा पदराला पुसत दारात उभी राहिली. विभागप्रमुख म्हणाला, "मावशी, चोवीस वर्षांपूर्वी सरांनी सांगितलं असताना तुम्ही अगार धुतला नाहीत, असं सर म्हणतायत. त्यामुळे आज सगळ्या प्रकल्पावर पाणी पडलंय. काय म्हणणं आहे?"

तो टेबलाखाली गुडघे आवळून तिच्या नजरेची वाट बघत होता. ती चिडेल, रडेल, सगळं ओकून टाकेल. त्या सगळ्यासाठी तो तयार होता. मावशीनं विभागप्रमुखाकडे बघितलं, मग खाडी विभागाच्या लोकांकडे. "म्हणजे रोपं अजून लावली नाहीत ना?" तिनं विचारलं.

"नाही लावली," मॅडम म्हणाली.

"मग बरं झालं," मावशी म्हणाली. "साहेब म्हणतात तर तसंच असेल. लिहा माझ्या नावावर. मी जाऊ का? कुकर उतरवायचाय."

"मावशी, थांबा," मॅडम म्हणाली, "खरंच तसं झालं होतं का?" पण मावशीनं नुसता हात हलवला, पोरीनं उगाच हट्ट धरल्यावर हलवावा तसा. विभागप्रमुखानं कागदावर काहीतरी लिहून घेतलं. "पुढच्या महिन्यात यांच्या मुदतवाढीचा कागद येतोय," तो याच्याकडे झुकून हळूच म्हणाला, "तेव्हा विचार करावा लागेल. काय, सर?"

"बघा तुम्ही," तो म्हणाला.

हे तिनं ऐकलं असणार, कारण ती दोन पावलांवर होती. आता तरी ती वळेल असं वाटून त्यानं मान वर केली आणि चेहरा कडक केला. मावशी वळली ती दाराकडे. पंख्यानं खाली पडलेला मॅडमचा एक कागद तिनं वाकून उचलला, टेबलावर ठेवला, त्यावर पेपरवेट ठेवला, आणि आवाज होऊ न देता दार ओढून घेत निघून गेली. एवढ्या वेळात तिनं त्याच्याकडे एकदाही बघितलं नव्हतं.